केबल सगळ्यात शेवटी: स्विचचे पोर्ट एकत्र बांधण्याआधीची तयारी

दोन मजल्यांवर दोन स्विच, म्हणजे नेटवर्कवरची यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या, आणि त्यांच्यामधे एक केबल. सुरुवातीला ती पुरते. मग माणसं वाढतात, कॅमेरे येतात, बॅकअप खालच्या सर्व्हरवर जायला लागतो आणि फायली उघडायला वेळ लागतो म्हणून तक्रारी सुरू होतात. दोन्ही स्विचवर मोकळे पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या खाचा, दिसत असतात, कपाटात केबलही असते. मनात येणारा पहिला विचार अगदी सरळ असतो: अजून एक केबल लावली की वाट दुप्पट रुंद झाली.

ती केबल लावल्यावर दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर काहीच होत नाही. वेग होता तेवढाच राहतो. नाही तर काही सेकंदांत सगळं नेटवर्क कोलमडतं. फोन बंद, प्रिंटर बंद, इंटरनेट बंद, आणि स्विचवरचे झाडून सगळे दिवे एका लयीत लुकलुकायला लागतात. हे दुसरं दृश्य मी एका ऑफिसात रॅकसमोर उभं राहून पाहिलं आहे. केबल मीच लावली होती. ती उपसल्यावर थोड्या वेळात सगळं जागेवर आलं, पण तेवढ्यात मजल्यावरचं प्रत्येक काम थांबलं होतं, आणि ते पूर्णपणे टाळता येण्यासारखं होतं. दोन पोर्ट एकत्र बांधण्याची आज्ञा एका ओळीची असते. तिच्याआधी काय करून ठेवायचं, तिथेच सगळी मेख आहे.

## दुसरी केबल लावल्यावर स्विच गोंधळतो का?

स्विचचं काम टपाल वाटणाऱ्या माणसासारखं आहे. फरक एवढाच की त्याच्याकडे पत्त्यांची वही आयती नसते, ती तो स्वतः लिहीत जातो. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक मॅक पत्ता असतो. एखाद्या पोर्टमधून माहितीचा तुकडा, म्हणजे फ्रेम, आत आली की स्विच पाठवणाऱ्याचा पत्ता बघतो आणि नोंद करतो: हे यंत्र या पोर्टच्या दिशेला आहे. पुढे त्या यंत्रासाठी काही आलं की ते नेमकं त्याच पोर्टातून बाहेर जातं. पत्ता माहीत नसेल, किंवा फ्रेम सगळ्यांसाठीच असेल, तर ती आली त्या पोर्टाखेरीज बाकी सगळ्या पोर्टांतून बाहेर सोडली जाते. सगळ्यांसाठीच्या अशा फ्रेमला ब्रॉडकास्ट म्हणतात.

आता दोन स्विचमधे दोन सुट्या केबली आहेत असं समजा. खालच्या स्विचनं एक ब्रॉडकास्ट दोन्ही केबलींतून वर पाठवला. वरच्या स्विचनं पहिल्या केबलीतून आलेली प्रत दुसऱ्या केबलीतून खाली सोडली आणि दुसरीतून आलेली पहिलीतून. खालच्यानं त्या पुन्हा वर धाडल्या. हे थांबायचं कसं? इंटरनेटच्या पॅकेटमधे एक मोजणी असते, प्रत्येक राउटर ती एकानं कमी करतो आणि शून्य झाली की पॅकेट टाकून दिलं जातं. इथरनेटच्या, म्हणजे या केबलींवर चालणाऱ्या पद्धतीच्या, फ्रेममधे अशी कुठलीच मोजणी नाही. फ्रेम फिरतच राहते, आणि वाटेत प्रत्येक यंत्राला प्रत्येक फेरीत एकेक प्रत पोचवत राहते. १ गिगाबिटच्या केबलीतून सर्वांत लहान आकाराच्या फ्रेम सेकंदाला जवळजवळ १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात. म्हणजे काही मोजक्या ब्रॉडकास्टनीही ती वाट काठोकाठ भरून जाते. यालाच लूप आणि त्यातून उठणारं ब्रॉडकास्टचं वादळ म्हणतात.

यावरचा उपाय जुना आहे. १९८५ साली रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्री नावाची पद्धत शोधली. स्विच एकमेकांना छोटे संदेश पाठवतात, कुठे वर्तुळ बनतंय ते ओळखतात आणि जास्तीची वाट अडवून ठेवतात. चालू वाट तुटली तरच अडवलेली उघडते. सुरुवातीच्या दोन अनुभवांचा उलगडा इथे होतो. स्पॅनिंग ट्री चालू असेल तर दुसरी केबल नुसती अडवून ठेवली जाते, म्हणून वेग वाढत नाही. ते बंद असेल, किंवा स्विच साधा, सेटिंग नसलेला असेल, तर वादळ उठतं.

म्हणजे स्विचला आधी पटवून द्यावं लागतं की या दोन वाटा नाहीत, एकाच वाटेचे दोन पदर आहेत. दोर वळताना दोन-तीन पदर एकत्र पिळले की तो एक दोर होतो, पदर मोजत कुणी बसत नाही. पोर्ट एकत्र बांधले की स्पॅनिंग ट्रीला एकच लिंक दिसते, पत्त्यांच्या वहीत एकच दिशा लिहिली जाते आणि एका पदरातून आलेली फ्रेम दुसऱ्या पदरातून परत सोडली जात नाही.

## 'ट्रंक' या एका शब्दाचे दोन अर्थ

पोर्टांच्या अशा जोडणीला ट्रंक म्हणतात. पण नेटवर्कमधला हा सगळ्यात घोळाचा शब्द असेल.

एचपीच्या प्रोकर्व्ह आणि त्यांच्या वंशातल्या अरूबाच्या स्विचवर ट्रंक म्हणजे एकत्र बांधलेले पोर्ट. हुआवेच्या स्विचवर त्याच गोष्टीला इथ-ट्रंक म्हणतात. सिस्कोच्या स्विचवर मात्र ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणारा पोर्ट. मग तो एकटा का असेना. एकाच स्विचवर आखलेले, एकमेकांपासून वेगळे कप्पे म्हणजे व्हीलॅन. कप्पा कुठला हे कळावं म्हणून फ्रेमवर ४ बाइटची चिठ्ठी लावली जाते, आणि चिठ्ठीवरच्या १२ बिटांत १ ते ४०९४ असे क्रमांक मावतात. पोर्टांच्या जोडणीला सिस्को इथरचॅनल किंवा पोर्ट-चॅनल म्हणते. लिनक्समधे तेच बाँडिंग, विंडोज सर्व्हरवर टीमिंग. मानकाचं नाव लिंक ॲग्रिगेशन, आणि बोलीत लॅग.

घोळाचं कारण थोडं इतिहासात आहे. 'कल्पना' नावाच्या एका कंपनीनं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इथरचॅनल आणलं, १९९४ मधे सिस्कोनं ती कंपनी विकत घेतली. सगळ्यांसाठीचं मानक ८०२.३एडी यायला २००० साल उजाडलं आणि २००८ मधे ते ८०२.१एएक्स या नव्या क्रमांकाखाली गेलं. मधल्या काळात प्रत्येकानं आपापलं नाव रुजवून टाकलं होतं.

हे सांगण्याचं कारण व्यवहारातलं आहे. वरच्या मजल्यावर एका कंपनीचा स्विच आणि खाली दुसरीचा असेल, आणि तुम्ही फोनवरून सांगितलंत, 'तेवढा पोर्ट ट्रंक करा', तर समोरचा माणूस अगदी प्रामाणिकपणे भलतीच गोष्ट करून ठेवेल. तुमच्या बाजूला पोर्ट एकत्र बांधलेले, त्याच्या बाजूला व्हीलॅन सोडलेले सुटे पोर्ट. म्हणून तयारीची पहिली पायरी म्हणजे दोन्ही टोकांच्या माणसांनी शब्दाचा अर्थ ठरवणं. या लेखात ट्रंक म्हणजे एकत्र बांधलेले पोर्ट, एवढंच.

## मग वेग दुप्पट होतो ना?

होतो आणि होत नाही. इथे बहुतेकांची निराशा होते, म्हणून जरा थांबून बघू.

समजा तुम्हाला चाळीस पानांचं पत्र पाठवायचं आहे आणि दोन निरोपे आहेत. पानं दोघांत वाटली तर काम लवकर होईल, पण एक निरोप्या वाटेत रेंगाळला तर सतरावं पान सोळाव्याच्या आधी पोचेल. संगणकांना हा उलटापालट क्रम सोसत नाही. पानं मागेपुढे आली की घेणाऱ्याला वाटतं मधलं हरवलं, ते पुन्हा मागवलं जातं, आणि एकूण वेग वाढायच्या ऐवजी घटतो. म्हणून ट्रंकचा नियम असा: एका पत्राची सगळी पानं एकाच निरोप्याकडे. दुसरं पत्र दुसऱ्याकडे जाऊ शकतं.

कुठलं पत्र कुठल्या निरोप्याकडे, हे स्विच कसं ठरवतो? आळीपाळीनं नाही, आणि कोण मोकळं आहे हे बघूनही नाही. तो फ्रेमवरचे पत्ते घेतो, त्यावर एक छोटं ठरलेलं गणित करतो आणि जे उत्तर येईल त्या क्रमांकाच्या केबलीत फ्रेम टाकतो. या गणिताला हॅश म्हणतात. पत्ते तेच असतील तर उत्तरही तेच, म्हणून एका संवादाच्या सगळ्या फ्रेम एकाच केबलीतून जातात आणि क्रम बिघडत नाही.

आता परिणाम बघा. १ गिगाबिट म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट. १०० गिगाबाइटची एक फाइल एका केबलीतून जायला किमान ८०० सेकंद, म्हणजे सव्वातेरा मिनिटांच्या वर लागतात. दोन केबलींची ट्रंक केल्यावर? तेवढेच. चार केबलींची केली तरी तेवढेच, कारण ती फाइल म्हणजे एक पत्र आहे आणि ते एकाच केबलीतून जाणार. पण तेव्हाच पन्नास माणसं वेगवेगळ्या फायली उघडत असतील, तर ती दोन केबलींत वाटली जातात, आणि सगळ्यांचं मिळून काम खरंच हलकं होतं.

वाटणी नेहमी समान होत नाही हेही आधीच गृहीत धरा. अनेक स्विच हॅशचं उत्तर आठ खणांत टाकतात आणि ते खण केबलींना वाटून देतात. दोन केबलींना चार-चार, चारांना दोन-दोन. तीन केबली असतील तर वाटणी ३, ३, २ अशी होते, म्हणजे एकीवर कायम कमी भार. अशा स्विचवर २, ४ किंवा ८ केबली घेणं जास्त शहाणपणाचं.

याहून मोठा खड्डा पुढे आहे. काही स्विच हॅशसाठी फक्त मॅक पत्ते वापरतात. ट्रंकच्या पलीकडे राउटर असेल तर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमवर जाण्याचा पत्ता एकच असतो, राउटरचा. परत येणाऱ्या प्रत्येक फ्रेमवर पाठवणारा एकच, तोच राउटर. म्हणजे गणितातला अर्धा भाग कधी बदलतच नाही. त्यातही हॅश फक्त जाण्याच्या पत्त्यावर चालत असेल, तर बाहेर जाणारी सगळी वाहतूक एकाच केबलीतून जाईल आणि दुसरी रिकामी पडून राहील. अशा ठिकाणी आयपी पत्ते, आणि जमत असेल तर सोबत टीसीपी-यूडीपीचे पोर्ट क्रमांक (हे स्विचवरचे पोर्ट नव्हेत, एकेक संवाद वेगळा ओळखणारे आकडे) धरून हॅश करायला सांगावं. प्रत्येक टोक फक्त आपल्याकडून निघणाऱ्या फ्रेमची वाटणी ठरवतं, त्यामुळे हे सेटिंग दोन्हीकडे बघावं लागतं. दोन्हीकडे ते सारखंच असावं अशी सक्ती मात्र नाही.

म्हणून पोर्ट निवडण्याच्याही आधी स्वतःला विचारा: गर्दी पुष्कळ लोकांच्या छोट्या कामांची आहे, की दोन यंत्रांमधल्या एका मोठ्या कामाची? दुसरं असेल तर ट्रंकवर वेळ घालवू नका. तिथे १० गिगाबिटचा पोर्ट हवा. तांब्याच्या केबलीवरून १० गिगाबिट नेण्याचं मानक २००६ पासून आहे, कॅट-६ए केबलीवर ते १०० मीटरपर्यंत चालतं. जुनी कॅट-५ई भिंतीत असेल तर २०१६ चं मानक तिच्यावरून २.५ गिगाबिट नेऊ देतं. ट्रंकचा खरा फायदा अनेकांच्या गर्दीत आहे, आणि दुसरा फायदा म्हणजे एक केबल तुटली तरी काम चालू राहतं.

## हातानं बांधायची की एलएसीपीनं?

ट्रंक दोन प्रकारे बांधता येते. पहिला प्रकार स्थिर: तुम्ही स्विचला सांगता, हे दोन पोर्ट एक समज, आणि तो कुणालाही न विचारता समजतो. दुसरा एलएसीपी. ही दोन स्विचमधली बोलणी करायची ठरलेली भाषा आहे. प्रत्येक पोर्टवरून संदेश जातो: मी अमुक स्विच, हा पोर्ट अमुक गटातला. समोरून जुळणारं उत्तर आलं तरच पोर्ट ट्रंकमधे घेतला जातो.

टाळी एका हातानं वाजत नाही, आणि स्थिर ट्रंकची अडचण नेमकी तीच आहे. खालचा स्विच दोन पोर्ट एक समजतोय आणि वरचा त्यांना सुटे समजतोय अशी अवस्था आली तर काय होतं? खालून एक ब्रॉडकास्ट पहिल्या केबलीतून वर गेला. वरच्यानं इमानदारीनं तो दुसऱ्या केबलीतून खाली परत सोडला. खालच्या स्विचला आता त्याच्याच मजल्यावरच्या यंत्राचा पत्ता वरून येताना दिसला, आणि त्यानं वहीत लिहिलं: हे यंत्र वर आहे. पुढची काही क्षणं त्या यंत्रासाठीची टपालं भलत्या दिशेला जातात. यंत्रानं स्वतः काही पाठवलं की नोंद दुरुस्त होते, पुढच्या ब्रॉडकास्टला पुन्हा बिघडते. बाहेरून दिसतं ते असं की कधी लागतं, कधी लागत नाही. असा बिघाड शोधायला दिवस जातो, कारण दोन्ही पोर्टांचे दिवे छान हिरवे असतात.

एलएसीपीत हे होत नाही. समोरून बोलणी झालीच नाहीत तर ट्रंक बनत नाही आणि तुम्हाला लगेच कळतं.

अजून एक प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा. दोन इमारतींमधे फायबर आहे आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तांब्याच्या केबलीतली माहिती फायबरमधे सोडणारी छोटी डबी. मधला फायबर तुटला. स्विचची केबल डबीपर्यंत शाबूत आहे, त्यामुळे पोर्टचा दिवा चालूच राहू शकतो. स्थिर ट्रंक त्या मेलेल्या वाटेवर निम्म्या फ्रेम पाठवत राहते आणि त्या कुठेच पोचत नाहीत. एलएसीपीचे संदेश मात्र येईनासे होतात, आणि ठरलेल्या वेळेनंतर तो पोर्ट ट्रंकमधून काढला जातो. संथ गतीत संदेश दर ३० सेकंदांनी जातो आणि तीन चुकले, म्हणजे ९० सेकंद झाले, की लिंक मेली असं धरतात. जलद गतीत दर सेकंदाला संदेश, आणि ३ सेकंदांत निकाल.

एलएसीपीत ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह अशा दोन वृत्ती आहेत. ॲक्टिव्ह स्वतःहून बोलतो, पॅसिव्ह फक्त विचारलं तर उत्तर देतो. दोन्ही टोकं पॅसिव्ह ठेवली तर कुणीच तोंड उघडत नाही आणि ट्रंक बनत नाही. दोन्हीकडे ॲक्टिव्ह ठेवा. समोरच्या यंत्राला एलएसीपी येतच नसेल तरच स्थिर ट्रंक बांधा. एका संगणकावर अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या व्हीएमवेअरचा साधा, स्टँडर्ड स्विच हे त्याचं नेहमीचं उदाहरण. त्याला आयपी हॅशसोबत स्थिर ट्रंकच चालते.

## कीबोर्डला हात लावण्याआधी

आता मुख्य तयारी. ही कागदावर करायची आहे, आणि मी ती अक्षरशः कागदावरच करतो, कारण नेटवर्क पडल्यावर नेटवर्कवर ठेवलेली फाइल उघडत नाही.

कागदावर आधी दोन्ही स्विचची नावं आणि वापरायचे पोर्ट लिहा. मधे रेघा ओढून कुठली केबल कुठून कुठे जाते ते दाखवा. एका बाजूचा पोर्ट २३ दुसऱ्या बाजूच्या २३ लाच जायला हवा असा तांत्रिक नियम नाही, पण रात्री दोन वाजता रॅकसमोर उभं राहणाऱ्याला क्रमांक जुळलेले बघून हायसं वाटतं. केबलीच्या दोन्ही टोकांना लेबल लावा. आत्ता चालू असलेली केबल खरंच तिथेच जाते का याची एलएलडीपीनं खात्री करा. या सोयीत स्विच शेजाऱ्याचं नाव आणि पोर्ट सांगतो. जुन्या रॅकमधे आठवणीवर विसंबू नका.

मग पोर्टांची तुलना. ट्रंकमधल्या सगळ्या पोर्टांचा वेग एक हवा आणि सगळे फुल डुप्लेक्स, म्हणजे एकाच वेळी दोन्ही दिशांनी चालणारे, हवेत. १ गिगाबिट आणि १० गिगाबिट एकत्र बांधता येत नाहीत. एखादी केबल खराब असल्यामुळे पोर्ट १०० मेगाबिटवर उतरला असेल तर एलएसीपी त्याला इतरांसोबत घेणार नाही, म्हणून केबली आधी एकेक करून, सुट्या, तपासून घ्या. फ्रेमच्या आकाराची मर्यादा सगळीकडे सारखी ठेवा. कुणी जंबो, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या, फ्रेम चालू केल्या असतील तर त्या दोन्ही टोकांना आणि प्रत्येक पोर्टवर असायला हव्यात.

व्हीलॅनचं प्रकरण सगळ्यात जास्त चकवतं. प्रत्येक पोर्टवर कुठले व्हीलॅन चिठ्ठीसकट जातात आणि कुठला बिनचिठ्ठीचा जातो, हे आत्ताच लिहून ठेवा. काही स्विचवर पोर्ट ट्रंकमधे गेला की त्याची स्वतःची व्हीलॅनची ओळख पुसली जाते आणि नवी ट्रंक मूळ, म्हणजे १ क्रमांकाच्या व्हीलॅनमधे जाऊन बसते. ट्रंक उत्तम बनते, दिवे लागतात, आणि फोनचा व्हीलॅन पलीकडे पोचतच नाही. सिस्कोच्या पद्धतीत पोर्ट-चॅनल हा स्वतंत्र इंटरफेस होतो आणि ट्रंक बनल्यानंतरचे बदल सुट्या पोर्टवर न करता त्याच्यावर करायचे असतात. एका पोर्टवर बदल केला आणि दुसऱ्यावर विसरला, तर तो पोर्ट जोडणीतून बाहेर फेकला जाऊ शकतो.

त्या पोर्टांवर अजून काही बांधलेलं आहे का तेही बघा. ठरावीक मॅक पत्त्यांनाच आत घेणारी पोर्ट सिक्युरिटी, लॉगिन करूनच आत घेणारं ८०२.१एक्स, वाहतुकीची प्रत दुसरीकडे पाठवणारं मिररिंग: यांतलं काही चालू असेल तर बरेच स्विच तो पोर्ट ट्रंकमधे घेत नाहीत.

एक मर्यादा कधीकधी सामान विकत घेतल्यावर कळते. ट्रंकच्या सगळ्या केबली एका टोकाला एकाच स्विचवर उतराव्या लागतात. एक केबल या स्विचला आणि दुसरी शेजारच्या वेगळ्या स्विचला, असं चालत नाही, कारण वही दोघांची वेगळी आहे. ते दोन स्विच एका स्टॅकमधे, म्हणजे एकमेकांना जोडून एकच स्विच म्हणून चालणारे, असतील, किंवा त्यांना एमलॅगसारखी, दोन स्विचनी मिळून एक असल्याचं भासवण्याची सोय असेल, तरच हे जमतं. ती सोय असेल तर जरूर वापरा. मग एक अख्खा स्विच गेला तरी वाट उरते.

शेवटी स्वतःची परतीची वाट. चालू सेटिंगची प्रत स्विचच्या बाहेर काढून ठेवा. कन्सोल केबल, म्हणजे नेटवर्कशिवाय थेट स्विचमधे शिरायची केबल, लॅपटॉपला लागते आहे आणि पासवर्ड चालतो आहे, हे आधी करून बघा. ज्या लिंकवर काम करायचं तिच्याच वरून तुम्ही स्विचमधे शिरला असाल, तर एका चुकीच्या ओळीनं तुम्ही स्वतःच बाहेर कोंडले जाता. दूरच्या जागी जाणं शक्यच नसेल तर काही स्विचना दहा मिनिटांनी आपोआप रीबूट व्हायला सांगून ठेवता येतं. नवी सेटिंग कायमची साठवलेली नसते, त्यामुळे काम फसलं तर स्विच जुन्या सेटिंगवर उठतो. साधलं तर रीबूट रद्द करायचा आणि मगच साठवायचं.

## प्रत्यक्ष क्रम

सगळ्यात सुरक्षित मार्ग असा: चालू केबलीला हातच लावू नका. दोन्ही स्विचवर दोन-दोन नवे, मोकळे पोर्ट घ्या. ते चारही पोर्ट सेटिंगमधून बंद करा. दोन्ही बाजूंना ट्रंक बनवा, तिच्यावर व्हीलॅन चढवा, स्पॅनिंग ट्री चालू आहे याची खात्री करा. पोर्ट बंद असल्यामुळे या सगळ्यात चूक झाली तरी कुणाला कळणारही नाही. हे झाल्यावर केबली लावा. मग ठरवलेल्या वेळी, लोकांना सांगून, जुना पोर्ट बंद करा आणि ट्रंकचे पोर्ट उघडा, आधी एक, तो नीट लागल्यावर दुसरा. मधला खंड साधारण काही सेकंदांचा असतो. स्पॅनिंग ट्रीची जुनी आवृत्ती चालू असेल तर ३० सेकंदांपर्यंत जाईल. जुनी केबल जागेवर राहू द्या, पोर्ट तेवढा बंद. काही बिनसलं तर ट्रंक बंद करून तो उघडला की तुम्ही होता तिथे परत.

मोकळे पोर्ट नसतील आणि चालू केबललाच ट्रंकमधे घ्यायचं असेल, तर दूरच्या टोकापासून सुरुवात करा. दूरचं टोक बदललं की कदाचित तुमचा संपर्क तुटेल, पण जवळचं टोक तुमच्या हाताशी आहे, ते बदललं की संपर्क परत येईल. उलट क्रमानं केलंत तर दूरच्या स्विचपर्यंत चालत जावं लागेल. आणि जास्तीची केबल दोन्ही टोकांची सेटिंग झाल्याशिवाय लावायची नाही. आधी केबल आणि मग सेटिंग म्हणजे आधी कळस मग पाया.

## 'स्पॅनिंग ट्री आता बंद करू का?'

हा प्रश्न हमखास येतो. ट्रंक बांधली, आता लूप होणार नाही, मग ते कशाला? कारण ट्रंक फक्त तुम्ही बांधलेल्या दोन केबलींपुरती आहे. उद्या कुणी एका टेबलाखालच्या केबलीची दोन्ही टोकं भिंतीतल्या दोन सॉकेटांत लावली तर तुमची ट्रंक तिथे काही करू शकत नाही. शिवाय ट्रंक कधी सुटली आणि पोर्ट मोकळे झाले, तर मधे उभं राहणारं तेच एक आहे. चालूच ठेवा.

## लागली हे कसं कळेल?

हिरवा दिवा पुरावा नाही. तो एवढंच सांगतो की केबलीतून सिग्नल पोचतो आहे. स्विचला ट्रंकची अवस्था विचारा: सगळे पोर्ट जोडणीत घेतलेले दिसायला हवेत, आणि प्रत्येक पोर्टसमोर पलीकडच्या स्विचची ओळख एकच असायला हवी. एका पोर्टवर वेगळी ओळख दिसली तर ती केबल भलत्याच स्विचला गेली आहे.

मग एक सलग पिंग, म्हणजे पलीकडच्या यंत्राला सतत हाक मारून उत्तर येतंय का बघणं, चालू ठेवून एक केबल उपसा. एखाददुसरं उत्तर चुकेल, बाकी चालू राहायला हवं. ती परत लावा, पोर्ट ट्रंकमधे परत आल्याची खात्री करा, मगच दुसरी उपसा. ही चाचणी टाळू नका. दुसरी केबल कामाची आहे की नाही हे ती एकटी पडेपर्यंत कळत नाही.

दोन-तीन दिवसांनी दोन्ही पोर्टांचे आकडे बघा. एका पोर्टवर जवळजवळ सगळी वाहतूक आणि दुसरा रिकामा असेल तर हॅश बदलून बघायची वेळ आली. अजून एक हिशेब याच आकड्यांतून करायचा. दोन्ही केबली गर्दीच्या वेळी ७० टक्के भरत असतील तर एक तुटल्यावर उरलेलीवर १४० टक्के भार येतो, आणि तो तिच्यात मावत नाही. वाट चालू राहील, पण प्रत्येकाला ती तुंबलेली लागेल. एक केबल गेली तरी काही बिघडू नये अशी अपेक्षा असेल, तर दोघींचा मिळून भार एकीच्या क्षमतेच्या आत राहायला हवा. तो बाहेर जायला लागला की तिसरी-चौथी केबल, किंवा त्याहून बरं, १० गिगाबिट.

## आणि ट्रंक सोडवायची असेल तर

सोडवताना बांधण्याच्या उलट क्रम. सेटिंग आधी पुसलीत तर केबली जागेवर असतानाच चारही पोर्ट सुटे होतात, आणि सुरुवातीचा लूप पुन्हा समोर उभा राहतो. काही स्विचवर तर ट्रंकमधून काढलेला पोर्ट चालू अवस्थेतच मूळ व्हीलॅनमधे परत जातो. म्हणून एक सोडून बाकीच्या केबली आधी उपसायच्या, निदान त्यांचे पोर्ट बंद करायचे. मग दोन्ही टोकांची सेटिंग काढायची, उरलेल्या पोर्टवर कागदावर लिहून ठेवलेले व्हीलॅन परत चढवायचे, आणि केबलींवरची लेबलं त्याच वेळी काढून टाकायची, म्हणजे पुढच्या माणसाला ती अजून ट्रंकच वाटणार नाही.